ब्रिटनीतल्या खेड्याचा जुना स्टिरिओ फोटो कसा पाहावा आणि कसा ओळखावा

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक समुद्रात घुसलेल्या ब्रिटनी प्रांतातल्या खेड्यांचे जुने जोडफोटो इंटरनेटवर आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही भेटतात. एकाच पुठ्ठ्यावर किंवा काचेवर शेजारी शेजारी दोन चित्रं, दिसायला सारखीच. म्हणून बरेच जण त्यातलं एकच कापून पुढे पाठवतात. कृपा करून असं करू नका. डाव्या डोळ्यासाठी एक आणि उजव्यासाठी एक, असं दोन्ही मिळून एक स्टिरिओ फोटो होतो, आणि दोघांतल्या बारीकशा फरकात गावाची खोली साठवलेली असते.

आधी माप घ्या. पुठ्ठा साधारण 9 × 18 सेंटिमीटर असेल, तर तो विक्रीसाठी छापलेला असण्याची शक्यता जास्त. असे फोटो 1850 च्या दशकापासून निघत होते. त्या दशकाच्या अखेरीस फ्युर्न आणि तुर्निए या फ्रेंच जोडीने ब्रिटनीत फिरून स्टिरिओ फोटोंची मालिकाच काढली होती. हातात 45 × 107 मिलिमीटरची काच असेल, तर ती बहुधा एखाद्या हौशी माणसाची. पॅरिसच्या ज्यूल रिशार यांचा व्हेरास्कोप कॅमेरा 1890 च्या दशकात आला आणि हे माप त्यानेच रूढ केलं. म्हणजे अशा काचेवरचा गावाचा फोटो त्याच्या आधीचा नाही, एवढं तर तिथल्या तिथे कळलं.

काच कडेने धरा. उजेडात तिरकी केली की एक बाजू चकाकते, दुसरी मंद दिसते. मंद बाजूवर फोटोचा थर असतो; तिला पाणी, ओलं फडकं, काच पुसायचं द्रावण काहीही लावू नका. रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवा, बस. त्या थरातलं जिलेटिन ओलावा शोषून फुगतं, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात काचा कागदी पाकिटांत घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात. पुठ्ठा किंचित वाकलेला असेल तर दाबून सरळ करायला जाऊ नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कित्येक प्रकाशक तो मुद्दामच वक्र बनवत.

आता प्रत काढा. टॅब्लेटवर कोरा पांढरा स्क्रीन लावा, त्याच्यावर दोन-तीन सेंटिमीटर उंचीवर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणि त्यावर काच. मधली जागा सोडली नाही तर स्क्रीनचे ठिपके फोटोत उतरतात. कॅमेरा बरोबर वर, काचेला समांतर. दोन्ही चित्रं एकाच फ्रेममध्ये घ्या आणि कडेला खरवडलेली किंवा शाईने लिहिलेली फ्रेंच ओळ कापू नका. ती ओळ आरशातल्यासारखी उलटी दिसत असेल तर काच पालथी ठेवली गेली आहे.

मग खरी गंमत. मोबाईलवर चित्रं इतकी लहान करा की एकच बिंदू, समजा चर्चच्या मनोऱ्याचं टोक, दोन्ही चित्रांत एकमेकांपासून सुमारे सहा सेंटिमीटर अंतरावर येईल. स्क्रीनच्या पलीकडे, दूरच्या डोंगराकडे पाहावं तशी नजर सैल सोडा. दोनाची तीन चित्रं होतील, मधल्यावर थांबा. घाई करू नका, डोळे दुखले तर सोडून द्या आणि उद्या बघा. जमतच नसेल तर ‘स्टिरिओ फोटो मेकर’ या मोफत प्रोग्रॅममध्ये लाल-निळसर अ‍ॅनाग्लिफ (दोन्ही चित्रं दोन रंगांत एकावर एक) करून रंगीत चष्म्याने पाहा. चित्रं वर-खाली सरकलेली असतील तर तोच जुळवूनही देतो.

कधी कधी सगळं उलटं दिसतं: आकाश पुढे येतं, अंगण मागे जातं. फोटो खराब नाही. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र उलटं पडतं. अख्खी काच फिरवून सरळ केली की डावं उजवीकडे जातं. छापताना अदलाबदल राहून गेली असेल, तर ती आता तुम्ही करा.

चित्र उभं राहिलं की गाव वाचायला घ्या. सपाट चित्रात मनोरा एखाद्या घराच्या धुराड्याला चिकटलेला वाटतो. खोलीत पाहिल्यावर दोघांच्या मध्ये अख्खी गल्ली निघते. ग्रॅनाइटच्या भिंतीतला एकेक दगड, गवताच्या छपराची जाड कड, दारातल्या बाईचे लाकडी जोडे आणि त्यांच्यापुढचा चिखल, सगळं आपापल्या जागी बसतं. दोन्ही चित्रं वेगवेगळीही तपासा. डावीकडे कोंबडी आहे आणि उजवीकडे नाही, असं आढळलं तर छायाचित्रकाराने एकाच भिंगाचा कॅमेरा सरकवून दोनदा फोटो घेतला असणार. ती पद्धत बहुतेक सुरुवातीच्या काळातली.

बाईच्या डोक्यावरचं पांढरं वस्त्र, म्हणजे क्वाफ, नीट मोठं करून बघा. ब्रिटनीत त्याचे शेकडो प्रकार होते आणि त्यावरून मुलूख ओळखता येई. पाँ-लाबेच्या आसपासच्या बिगुदेन मुलखात तर त्यावरून काळही कळतो: 1900 च्या सुमाराला ते बेताचं होतं, दोन महायुद्धांच्या दरम्यान वाढत वाढत 30 सेंटिमीटरच्या वर गेलं. चर्चजवळ पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक दिसलं, तर फोटो 1918 नंतरचा. न दिसलं म्हणून लगेच आधीचा म्हणू नका, ते चौकटीबाहेरही असू शकतं.

गावाच्या नावात ‘प्लू’, ‘केर’, ‘लान’, ‘लोक’ अशी सुरुवात असेल तर गाव ब्रेटन भाषेच्या मुलखातलं असण्याची शक्यता बळावते. ‘कोत-दु-नॉर’ लिहिलेलं असेल तर आजच्या नकाशात ‘कोत-दार्मॉर’ शोधा. जिल्ह्याचं नाव 1990 मध्ये बदललं. चर्च आणि कोरीव दगडी क्रूस फ्रान्सच्या ‘मेरीमे’ या सरकारी वारसा-सूचीत पडताळता येतात. मनोऱ्याच्या छिद्रांची रचना जुळवा, कारण घरं पडतात, रस्ते रुंद होतात, मनोरा सहसा टिकतो. मग फ्रान्सच्या सरकारी नकाशा-संकेतस्थळावर 1950 ते 1965 मधले हवाई फोटो उघडा आणि खोलीत दिसलेली गल्ली तिथे आहे का बघा. त्यावरून कॅमेरा कुठे उभा होता हेसुद्धा काढता येतं.

फाइलसोबत दोन वेगळ्या नोंदी ठेवा. एकीत काचेवर किंवा पुठ्ठ्यावर जे लिहिलंय ते अक्षरशः, चुकांसकट. दुसरीत तुमचा अंदाज आणि तो कशावरून बांधला ते.