कोलकाता फिरायचंय आणि खिसा हलका आहे? मग हे वाचा

पुण्याहून आझाद हिंद किंवा मुंबईहून गीतांजली पकडायची, स्लीपरचं तिकीट आधीच काढून ठेवायचं, दीड दिवस गाडीत जातो पण परवडतं. राहायला आधी हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात फोन करून रूम आहे का विचारा, मिळाली तर मेट्रोपण जवळच आहे.

हावड्याला उतरल्यावर मी केलेली चूक करू नका. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर एकजण "दादा टॅक्सी" म्हणत मागे लागला आणि हुगळी नदीपलीकडे कोलकात्यात सोडायचे ५०० घेतले, नंतर कळलं की स्टेशनसमोरच जेट्टी आहे आणि फेरीबोटीला दहा रुपयांच्या आसपास लागतात, असा जीव जळला म्हणून सांगू! तर नियम एकच, नदी रोज ओलांडायची आणि दरवेळी वेगळ्या मार्गाने. एकदा बोटीने, एकदा मेट्रोने (हावडा ते एस्प्लनेड, २०२४ मध्ये सुरू झालेली, नदीच्या खालून जाते, निळे लाईट दिसले की समजायचं आपण पाण्याखाली आहोत आणि जेमतेम पाऊण मिनिटात संपतं, त्यामुळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसू नका), आणि एकदा चालत, हावडा ब्रिजवरून.

चालत जायचं ते सकाळी सहा-साडेसहाला. पलीकडे पुलाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार लागतो. झेंडूच्या माळांचे दोरखंडासारखे जाड गठ्ठे डोक्यावर घेऊन माणसं पळत असतात, पायाखाली चिखल आणि पाकळ्या, मधे उभं राहिलात तर ओरडा खाल. चांगल्या चपला घालू नका. तिकीट नाही काही नाही, आणि मला तर हे व्हिक्टोरिया मेमोरियलपेक्षा जास्त आवडलं. तिथून परत हावड्याच्या जेट्टीवर येऊन शोभाबाजारची बोट पकडली की कुमारटुली, गणपतीच्या आधी आपलं पेण असतं ना तसंच, फक्त इथे दुर्गा. कारागीर कामात असतात, विचारून मगच फोटो काढा.

खायचं म्हणाल तर सकाळी कोचुरी आणि बटाट्याची रस्सा भाजी, दुपारी एस्प्लनेडजवळ डेकर्स लेनमध्ये ऑफिसवाल्यांच्या गर्दीत उभं राहून, संध्याकाळी झालमुडी, म्हणजे तिकडची भेळ. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी नको वाटतो, तिसऱ्या दिवशी घरी बाटली न्यावीशी वाटते. चहा मातीच्या भांड्यात, त्याला 'भाँड़' म्हणतात, छोटा असतो म्हणून दोन घ्या.

इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया सोमवारी बंद, तेवढं बघून प्लॅन करा.

आणि हो, बसने एजेसी बोस रोडवरून गेलात तर खिडकीतून जरा बघा, नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने १७४२ मध्ये इंग्रजांनी जो मराठा खंदक खणायला घेतला तो पुढे बुजवून तिथेच हा रस्ता झाला. आता तिथून कंडक्टर हातातली नाणी खुळखुळवत आपल्याकडेच सुट्टे मागत येतो.