पोनी लहान आहे म्हणून सोपा नसतो, या चुका टाळा

पहिल्यांदाच पोनी घेतलेल्या कुणाचाही फोन आला की मी आधी विचारते, खायला काय घालताय? चावतो, उधळतो, लंगडतो, जागचा हलत नाही, तक्रार कुठलीही असो, निम्म्या वेळा गाडी तिथंच येऊन थांबते. आठवडाभर तबेल्यात उभ्या असलेल्या जनावराला दोन वेळा डबा भरून चंदी (दाण्याचा खुराक) चाललेली असते, का तर बाजूच्या मोठ्या घोड्याला तेवढी मिळते. अहो, तो पाचशे किलोचा आणि रोज घाम गाळणारा. तुमचा दोनशे किलोचा आणि सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन मैदानाला चार चकरा मारणार.

14 हात 2 इंचांच्या आत उंची असेल तर पोनी, ही ढोबळ व्याख्या (घोड्यांच्या मापातला हात 4 इंचांचा, त्यामुळे ही उंची साधारण 147 सेंटीमीटर). पण फरक नुसत्या उंचीचा असता तर मला हे लिहायला बसावंच लागलं नसतं. बऱ्याचशा पोनी जाती पिढ्यान्‌पिढ्या उजाड माळावर, निकस चाऱ्यावर तगून राहिलेल्या आहेत, त्यामुळे मिळालेला घास चरबी करून साठवायचा हे त्यांच्या अंगातच आहे. अशा जनावराला भरपूर खायला घालणं म्हणजे प्रेम नाही, पण हे लोकांच्या गळी उतरवताना माझा घसा बसतो.

गुबगुबीत पोनी बघून खूश होऊ नका

ही माझी सगळ्यात मोठी चीड, त्यामुळे इथं जरा लांबण लावणार आहे.

ओळखीतल्या एका कुटुंबाकडे करड्या रंगाची पोनी घोडी होती, गोल गरगरीत, पाठीवर पाणी ओतलं तर मधोमध पन्हळ वाहील अशी. येणारा-जाणारा म्हणायचा काय तब्येत आहे, आणि मालक फुलून जायचे. मानेवर आयाळीखाली चरबीचा कडक वळ आलेला, तो मी दाखवला तर म्हणाले जातिवंत आहे ना, मान अशीच असते. मग कोवळं गवत उगवलं आणि त्यांनी तिला दिवसभर त्यात मोकळं सोडलं. थोड्याच दिवसांत ती वळताना आखडायला लागली, मग दगडावर पाय टाकेना, आणि शेवटी पुढचे पाय पुढे ताणून सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी राहायला लागली. ही उभं राहायची तऱ्हा एकदा बघितली की माणूस विसरत नाही. पण कुणीतरी छातीठोक सांगितलं, पाय आखडलेत, फिरवा म्हणजे मोकळे होतील. झालं, कडक रस्त्यावर ओढत ओढत फिरवली. डॉक्टर आले तोवर एक्सरेत खुराच्या आतलं हाड फिरलेलं दिसलं. घोडी वाचली, पण कित्येक महिने मऊ भुशावर उभी होती, नालबंद आणि डॉक्टर यांच्या फेऱ्या चालूच, आणि स्वारी कायमची बंद.

याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराची बाहेरची भिंत आणि आतलं हाड यांना जोडणारे पापुद्रे असतात, आपलं नख खालच्या मांसाला धरून असतं ना, तसंच. साखर जास्त असलेल्या गवताने किंवा चंदीने रक्तातलं इन्सुलिन वाढत गेलं की ही पकड सैल पडते, वरून जनावराचं सगळं वजन, मग हाड आत सरकतं. अशा वेळी फिरवणं म्हणजे उरलीसुरली पकडही तोडणं. खूर हाताला गरम लागला, किंवा खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवल्यावर नाडी ठणठण उडताना लागली (एरवी ती शोधावी लागते), तर जनावर हलवू नका, पायाखाली जाड मऊ थर घाला, गवत-चंदी बंद करून फक्त वाळका चारा ठेवा आणि डॉक्टरला बोलवा. त्याच दिवशी.

पोनी जाड आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका, हाताने ठरवा. तळहात बरगड्यांवर सपाट फिरवला की बरगड्या दिसायला नकोत पण न दाबता लागायला हव्यात, दाबून शोधायला लागल्या तर वजन जास्त आहे. मी महिन्यातून एकदा टेप लावते. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले 11880, आलेला आकडा साधारण किलोत वजन. घेर 140 आणि लांबी 120 असेल तर 198 किलो. रोजचा कोरडा चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के धरा, म्हणजे या पोनीला तीन-चार किलो, आणि तो काट्यावर मोजून. डब्याने, पेंढीने, अंदाजाने नाही. पेंढी पेंढीत किती फरक असतो ते एकदा वजन करून बघाच, डोळे उघडतात.

आता हे वाचून कुणीतरी उद्यापासून पोनीला उपाशी ठेवेल, तेही माहितीये मला. ते करू नका. पोनी एकदम उपाशी राहिला तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि लिव्हर कामातून जातं, जाड पोनीच यात आधी सापडतात. शिवाय घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास सुटत असतं, तो खात असो वा नसो, त्यामुळे रिकामं पोट म्हणजे अल्सरला आमंत्रण. चारा तेवढाच, पण बारीक जाळीच्या पिशवीत, म्हणजे ओढत ओढत खायला वेळ लागतो. वाळकं गवत तासभर पाण्यात भिजवून पाणी फेकून दिलं तर साखरही बरीच निघून जाते. चंदी बहुतेक पोनींना लागतच नाही, मिनरल आणि मिठाची वडी मात्र लागते.

कुठलाही चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा बदला, एका रात्रीत नाही.

पोट दुखतंय तर बाटली उचलू नका

घोड्याला उलटी होत नाही. पोटात जे गेलं ते पुढेच जाणार, आणि अडकलं तर पंचाईत. पुढच्या पायाने जमीन उकरणं, सारखं वळून कुशीकडे बघणं, लोळणं, घाम, लीद बंद, यातलं काही दिसलं की समोरचा चारा काढा आणि आधी फोन करा. घरगुती काढा बाटलीने घशात ओतणारे लोक मला अजून भेटतात, तो काढा फुप्फुसात गेला की एका आजाराचे दोन होतात. चालवायचं तर हळू थोडंसं, पण तासन् तास फरफटत नेऊन जनावराला दमवण्यात काही अर्थ नाही.

डॉक्टर फोनवर पहिलं विचारतात नाडी किती, ताप किती, लीद कधी टाकली, आणि समोरून अंऽऽ. निरोगी मोठ्या घोड्याची नाडी आरामात असताना मिनिटाला 28 ते 44, पोनीची जरा जास्त असू शकते, ताप 37.5 ते 38.5 सेल्सियस. पण तुमच्या पोनीचे आकडे तो ठणठणीत असतानाच घेऊन ठेवा, मी तर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहूनच ठेवते, कारण घाबरलेल्या माणसाला काहीही आठवत नाही.

तंग एकदाच आवळून वर चढणारे

हे दुसरं लाडकं. एक तरुण आला होता शिकायला, व्हिडिओ बघून बघून सगळं येत असल्याच्या थाटात. खोगीर ठेवलं, तंग (खोगीर पोटाखालून बांधायचा पट्टा) आवळला, मी म्हटलं चार पावलं चालव आणि परत बघ, तर म्हणाला घट्ट आहे की. पोनीने अर्थातच पोट फुगवलेलं. बऱ्याच जणांची सवय असते ती, आणि दरवेळी तंग खसकन ओढला जात असेल तर त्यांचीही काय चूक. याने जमिनीवरूनच रिकिबीत पाय घातला, सगळा भार एका बाजूला, आणि खोगीर गर्रकन पोटाखाली. तो मातीत पडला, पाय रिकिबीतून सुटला हे त्याचं नशीब. पण पोनी पोटाला बडवणारं खोगीर घेऊन चौखूर सुटला, दुगाण्या झाडत, कुंपणाला घासत, खोगिराचे तुकडे होईपर्यंत. तरुण दुसऱ्या दिवशी हसत हसत किस्सा सांगत होता. पोनी मात्र पुढे कितीतरी दिवस खोगीर नुसतं दिसलं तरी भिंतीला चिकटून थरथरायचा, आणि त्याला परत विश्वासात घ्यायचं काम त्या तरुणाने नाही केलं, दुसऱ्यांनी केलं. म्हणून घाईवाल्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

मोठ्या घोड्याला पाठीच्या सुरुवातीला उंचवटा असतो, खोगीर तिथं अडतं. गोल पाठीच्या जाड पोनीला तो जवळजवळ नसतोच. म्हणून तंग आधी हलका लावा, मग पुढचे पाय एकेक करून पुढे ताणा म्हणजे तंगाखालची कातडी सुरकुतत नाही, थोडं चालवून आवळा, आणि वर बसल्यावर काही मिनिटांनी परत एकदा बघा. चढायला ओटा किंवा स्टूल घ्या, त्यात कमीपणा काही नाही, जनावराची पाठ वाचते. आणि इतकं करूनही खोगीर फिरत असेल तर तंग अजून आवळणं हा उपाय नाही, ते खोगीर त्या पाठीचंच नाही.

नखरे करतो म्हणे

लगाम लावताना मान झटकतो, खोगीर ठेवलं की कान मागे, तंगाला हात लावला की चावायला येतो. मालकाचं निदान, अडेलपणा. उपाय, चाबूक. अरे आधी तोंड उघडून बघा! घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि चावून झिजतात, झीज सारखी झाली नाही तर दाढांच्या कडा धारदार होतात आणि गाल-जीभ सोलतात. चघळलेल्या गवताचे ओले गोळे खाली पडलेले दिसले तर हेच चाललंय. वर्षातून एकदा तरी डॉक्टरकडून दात तपासून धारदार कडा घासून घ्या. पाठीवर खोगिराच्या जागी पांढरे केस आले असतील तर तिथं कधीतरी जखम होईपर्यंत दाब पडलेला आहे. स्वारीनंतर खोगीर काढल्यावर सगळी पाठ घामाने ओली आणि एखादाच कोरडा ठिपका, तिथंही शंका घ्या. आणि पोनी महिन्याभरात जाड किंवा बारीक झाला की कालपर्यंत बसणारं खोगीर आज बसत नाही, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

दुखत नाही हे नक्की झाल्यावर मग शिस्तीचं बघू. त्या बाबतीत मी कडक आहे, पोनीला अंगावर येऊ देत नाही आणि हाताने खाऊ देत नाही. सारखं हातातून भरवलं की खिसे हुंगणं, मग ढकलणं, मग चावा, ठरलेला क्रम आहे. खाऊ बादलीत टाका.

बाकीच्या चुका भराभर सांगते. दोर हाताला गुंडाळून धरू नका, पोनी बुजला तर बोटं जातात. लगामाने बांधून ठेवू नका, झटका थेट तोंडाला बसतो, मोरकीला (तोंडात कडी नसलेल्या, नुसत्या डोक्यावरच्या बांधणीला) बांधा आणि एका ओढीत सुटणारी गाठ मारा. मागून जाताना आवाज द्या, शेपटीच्या बरोबर मागचं त्याला दिसत नाही. खूर रोज साफ करा, काळं घाण वास येणारं काही निघालं तर खाली ओल आहे, औषध मारत बसण्याआधी जागा कोरडी करा. नाल नसले तरी सहा-आठ आठवड्यांनी खूर छाटायला नालबंद यायलाच हवा. धनुर्वाताची लस चुकवू नका, घोड्यांना तो फार पटकन होतो. जंताचं औषध कॅलेंडर बघून देण्यापेक्षा लीद तपासून द्या, उगाच दिलेल्या डोसांनी जंतच पक्के होतात, मग त्यांना औषध लागू पडत नाही. हेल्मेट घाला, पोरांनाही आणि स्वतःही. आणि पोनीला एकटा ठेवू नका, तो कळपातला प्राणी आहे, एकटा पडला की लाकूड चावत किंवा दारात डुलत बसतो.

शेवटची, जी दर सुट्टीत ऐकू येते. पोरगं सहा वर्षांचं, पोनी तीन वर्षांचा, दोघं बरोबरच मोठे होतील म्हणे. दोघांनाही काही येत नाही, शिकवणार कोण कुणाला? नवशिक्यासाठी दहा-पंधरा वर्षांचा, हजार गोष्टी बघून शांत झालेला पोनी घ्या. म्हातारा आहे म्हणून नाक मुरडू नका, नीट सांभाळलेले पोनी पंचविशी सहज ओलांडतात. बघायला जाल तेव्हा त्याला पकडून आणण्यापासून सगळं तुमच्या समोर करायला लावा, आधीच खोगीर घालून, दमवून उभा केलेला असेल तर न सांगता दुसऱ्या दिवशी परत जा. आणि विकणाऱ्याला म्हणा, आधी तुमच्यापैकी कुणीतरी बसून दाखवा. कुणी पुढे आलं नाही तर नमस्कार करून निघा.