हडप्पा पद्धतीची संगजिऱ्याची मुद्रा कशी कोरावी

मोहेंजोदडो, हडप्पा, लोथल इथल्या बहुतेक चौकोनी मुद्रा संगजिऱ्याच्या आहेत. हा दगड नखानेही ओरखडतो, म्हणून त्यात बारीक काम करता येते. भट्टीत गेल्यावर मात्र तो पांढरा आणि काचेइतका कठीण होतो. मुद्रा पाहण्यासाठी नव्हे, ठसा उमटवण्यासाठी असते. कोरताना लक्ष सतत ठशाकडे हवे.

३५ बाय ३५ मिमी, जाडी १८ मिमी असा तुकडा घ्या. फिकट, शिरा नसलेला दगड निवडा. लोह जास्त असलेला दगड भाजल्यावर तांबूस होतो आणि शिरेवर तडकतो. काही खाणींच्या संगजिऱ्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, म्हणून विकणाऱ्याकडून खात्री करून घ्या. दगड ओला ठेवूनच कापा-घासा आणि धुळीसाठी चांगला मास्क लावा.

आधी मागची घुंडी करा. पुढची बाजू कोरून झाल्यावर मागे करवत चालवली, तर दाबाने नक्षीच्या कडा उडतात. चारही बाजूंनी हॅक्सॉच्या पात्याने कापत मधोमध १४ मिमी व्यासाची घुंडी ठेवा, कानशीने गोल करा आणि तिच्यावर एक आडवी खाच पाडा. दोरीसाठी ३ मिमीचे भोक हातगिरमिटाने दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे पाडून मध्ये जुळवा. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडच्या तोंडाशी टवका उडतो. नंतर पुढची बाजू काचेवर अंथरलेल्या वॉटर पेपरवर, २२० नंबरपासून ६०० पर्यंत, सपाट करा. इथे खोलगट भाग राहिला तर ठसा अर्धवटच उमटणार.

एकशिंगी प्राणी हा सर्वांत जास्त आढळणारा विषय. ठशात त्याचे तोंड सहसा उजवीकडे असते, तेव्हा दगडावर ते डावीकडे कोरायचे. गळ्याखाली उंच पात्रासारखी वस्तू, वर चिन्हांची ओळ. लिपी वाचली गेलेली नाही, म्हणून मनाने चिन्हे जुळवू नका. एकाच खऱ्या मुद्रेच्या ठशावरची ओळ तशीच घ्या. चित्र ट्रेसिंग पेपरवर काढून तो पालथा घालून दगडावर उतरवला की उलटसुलट आपोआप साधते.

कोरायला तांब्याची ठोकून धार लावलेली सळई पुरते, पोलादी कोरणी अधिक सोपी. अंग आधी १ मिमी खोल काढा. खांदा आणि मांडी दीड ते दोन मिमीपर्यंत उतरवा, कारण दगडात जे सर्वांत खोल तेच ठशात सर्वांत उंच. गळ्याच्या वळ्या, डोळा, शिंगावरच्या रेघा शेवटी. दर थोड्या वेळाने मऊ क्लेवर ठसा घेऊन पाहा. दगडावर सुंदर दिसणारा पाय ठशात काडीसारखा निघतो, हे असेच कळते. चिन्हांची खोली सगळीकडे सारखी ठेवा. खड्ड्याच्या भिंती थोड्या उतरत्या असू द्या. उभ्या किंवा आत झुकलेल्या भिंतीत माती अडकते.

भाजण्याआधी मुद्रा दोन-तीन दिवस वाळवा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा एक पातळ हात ब्रशने द्या, पण आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा. जाड थर वितळून बारीक रेघा बुजवतो आणि तुकडा भट्टीच्या फळीला चिकटतो. विजेच्या भट्टीत तासाला १०० अंशांच्या वेगाने ९५० ते १००० अंश सेल्सियसपर्यंत न्या, दोन तास तिथेच ठेवा आणि भट्टी पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका. या तापमानात दगडातले बांधलेले पाणी निघून जाते आणि खनिजच बदलते. घाई केली तर तो तडकतो. घरच्या गॅसवर हे होत नाही. कुंभारकामाच्या स्टुडिओत जागा मागा.

ठसा घ्यायला चाळलेली माती हाताला न चिकटण्याइतकी घट्ट हवी. लोथलच्या जळालेल्या कोठारातल्या ठशांच्या मागे दोरी, कापड आणि बोरूच्या खुणा आहेत, कारण ते मालाच्या गाठोड्यांवर मारले होते. तुम्हीही सुतळीची गाठ बांधून तिच्यावर मातीचा गोळा दाबा आणि मग मुद्रा सरळ खाली दाबून सरळच उचला. हलवली तर रेघा दुहेरी येतात.

कोरतानाच घुंडीखाली चालू वर्ष बारीक खोदून ठेवा. चांगली प्रतिकृती पुढे कुणाच्या हाती गेली तर ती खरी म्हणून विकली जाऊ शकते.