गाठ आहे, पण आत्ता कापायची नाही

पित्ताशयात खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली. खडे नव्हतेच, पण डाव्या किडनीत २.१ सेंटिमीटरची गाठ निघाली. माझं वय तेव्हा ७२, हृदयात एक स्टेंट. युरोलॉजिस्ट म्हणाले, "काका, सध्या लक्ष ठेवू." मला वाटलं, म्हातारा म्हणून मला वाऱ्यावर सोडतायत.

तसं नव्हतं. ४ सेंटिमीटरच्या आतल्या अशा गाठींपैकी साधारण पाचांतली एक कॅन्सरची नसतेच. उरलेल्यांतल्या बऱ्याच वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढतात, काही तर मुळीच नाही. पहिल्या काही वर्षांत त्या इतरत्र पसरण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन. शून्य नाही, म्हणूनच तारखा पाळायच्या.

सुरुवातीला कॉन्ट्रास्ट (गाठ स्पष्ट दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी किंवा एमआरआय होतो, त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती नीट चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी. छातीचा एक्स-रेही काढतात. पुढचा स्कॅन तीन ते सहा महिन्यांत, मग साधारण दर सहा महिन्यांनी, आणि गाठ शांत राहिली तर वर्षातून एकदा. बायोप्सीचं, म्हणजे सुईने गाठीचा नमुना काढून तपासण्याचं, मी विचारलं होतं. निकालावर आपला निर्णय बदलणार असेल तरच तिचा उपयोग, शिवाय कधी कधी नमुन्यातून नीट उत्तरच मिळत नाही. मी केली नाही.

खरं काम वहीचं. तारीख, तपासणी कोणती, गाठीची सगळ्यात मोठी लांबी, क्रिएटिनिन. एवढे चार रकाने पुरतात. दुसऱ्या वर्षी एका ठिकाणच्या सोनोग्राफीत २.७ आलं आणि घरात जेवण कुणाला गेलं नाही. सीटीत निघाली २.३. सोनोग्राफी आणि सीटीचं माप एकमेकांशी ताडून बघू नका. शक्यतो तपासणी तीच आणि जागाही तीच ठेवा.

दुसरी गोम रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत असते: "मागच्या तपासणीच्या तुलनेत विशेष फरक नाही." दर वेळी दोन मिलिमीटर वाढली तरी हेच वाक्य येऊ शकतं! म्हणून मी पहिल्या स्कॅनची सीडी बरोबर नेतो आणि तिच्याशी तुलना करायला सांगतो. सीडी पुढेमागे उघडत नाहीत, तेव्हा मुलाकडून पेन ड्राइव्हवर प्रत करून घेतली.

नुसतं लक्ष ठेवणं कितीला थांबवायचं हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. वर्षात ५ मिलिमीटरहून जास्त वाढ, किंवा आकार ३-४ सेंटिमीटरकडे सरकणं, म्हणजे पुन्हा बोलायची वेळ. लघवीतून रक्त आलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आणि गाठीच्या विचाराने झोपच लागत नसेल, तर तेही उपचार मागायला पुरेसं कारण आहे. तेव्हाही बहुतेक वेळा पूर्ण किडनी काढावी लागत नाही. तेवढाच भाग काढतात किंवा सुईने गाठ जाळतात, गोठवतात. तरुण, धडधाकट माणसाचा किंवा घराण्यात हा आजार असलेल्याचा हिशेब वेगळा. त्यांनी माझं ऐकू नये.

सिगारेट सोडली, बीपीची गोळी चुकवत नाही, गुडघ्यासाठी मनाने पेनकिलर घेणं बंद केलं. ते किडनीसाठी, गाठीसाठी नव्हे.

तिसऱ्या वर्षी आकडा हलला नाही, म्हणून मी एक फेरी बुडवली. कुणाला बोललो नाही. सुनेने वही उघडली, रिकामा रकाना पाहिला आणि माझ्यासमोरच फोन लावून तारीख घेतली.