रुग्णालयाची औषधयादी कशी समजून घ्यावी आणि घरच्या गोळ्यांशी ती कशी जुळवावी

घरी वर्षानुवर्षं बीपीची एकच गोळी चालू असते. रुग्ण अ‍ॅडमिट होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर वेगळ्याच रंगाची गोळी देतात आणि नातेवाईक धास्तावतात. औषध बदललं का? कुणाची चूक झाली का? बहुतेक वेळा चूक झालेली नसते. त्या रुग्णालयाच्या फॉर्म्युलरीत, म्हणजे मंजूर औषधांच्या यादीत, तुमचा ब्रँड नसतो आणि त्याच कंटेंटचा, म्हणजे गोळीतल्या मूळ औषधाचा, दुसरा असतो, एवढंच. पण ‘बहुतेक वेळा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. फरक ओळखता यावा म्हणून हॉस्पिटल फार्मसीत काम करणाऱ्या माणसाच्या नजरेतून हे लिहितो आहे. ससूनसारखं मोठं सरकारी रुग्णालय असो की कोथरूड-हडपसरमधलं खासगी, पद्धत थोड्याफार फरकाने हीच असते.

पायरी 1 : घरच्या औषधांची यादी कंटेंटच्या नावाने लिहा

‘पांढरी छोटी गोळी, सकाळची’ यावरून कोणत्याही फार्मासिस्टला काही कळत नाही. नुसत्या ब्रँडच्या नावानेही कधी कधी घोळ होतो. स्ट्रिप उलटी करा, त्यावर कंटेंट आणि मिलीग्रॅम छापलेले असतात, ते जसेच्या तसे उतरवा: टेल्मिसार्टन 40, सकाळी एक, मेटफॉर्मिन 500 एसआर, रात्री जेवणानंतर एक, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 10, रात्री. ‘एसआर’, ‘ईआर’ अशी अक्षरं मुळीच गाळू नका. अशी गोळी शरीरात हळूहळू सुटेल अशी बनवलेली असते, ती कुटून द्यायची नसते. रुग्णाला नाकातल्या नळीतून अन्न चालू झालं की हा प्रश्न हमखास येतो.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या (अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन) यादीत सर्वांत वर लिहा, कारण ऑपरेशनच्या आधी सर्जन तेच आधी विचारणार. कशाची अ‍ॅलर्जी असेल तर तीही लिहा. वैद्यांचे काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या, जिममधल्या पावडरी हेही सांगा. लाजून किंवा ‘ते काय औषध थोडंच’ म्हणून लपवलेली गोष्ट पुढे अडचणीची ठरते.

पायरी 2 : यादी कोण ठरवतं, ते समजून घ्या

व्यवस्थित चालणाऱ्या रुग्णालयात औषध समिती असते. तिच्यात निरनिराळ्या विभागांचे डॉक्टर, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, नर्सिंगच्या प्रमुख आणि खरेदी विभागाची व्यक्ती असते. सचिवाचं काम बहुधा फार्मासिस्टकडे असतं. एनएबीएच या मान्यता देणाऱ्या मंडळाच्या निकषांतही रुग्णालयाची स्वतःची फॉर्म्युलरी अपेक्षित आहे.

एखाद्या डॉक्टरांना नवं औषध यादीत हवं असेल तर ते अर्ज करतात. मग प्रश्न सुरू होतात. आपल्याकडे आधीच असलेल्या औषधापेक्षा हे खरंच जास्त गुणकारी आहे का? दुष्परिणाम काय? किडनी कमजोर असलेल्याला चालेल का? पुरवठा वर्षभर होईल का? 2 ते 8 अंशांत ठेवावं लागत असेल तर वॉर्डात तशी सोय आहे का? आणि किंमत? अ‍ॅसिडिटीसाठी बाजारात पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल असं बरंच काही मिळतं. रुग्णालयाला चारही ठेवायची गरज नसते. एक-दोन ठेवली की सिस्टरना त्यांचे डोस तोंडपाठ होतात, साठा फिरता राहतो, औषधं एक्स्पायर होत नाहीत आणि चुका कमी होतात. ‘एवढ्या मोठ्या दवाखान्यात ही साधी गोळी नाही’ अशी तक्रार करण्याआधी हे ध्यानात घ्यावं. यादी लहान असणं हा गुण आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. कोणता कंटेंट ठेवायचा हा वैद्यकशास्त्राचा निर्णय, आणि त्या कंटेंटचा कोणत्या कंपनीचा ब्रँड घ्यायचा हा खरेदीचा. दुसऱ्या निर्णयात कंपनीकडून मिळणारं मार्जिन डोकावू शकतं. म्हणूनच किंमत विचारणं हा उद्धटपणा नाही.

सरकारी बाजूला पाया असतो राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीचा. पहिली सूची 1996 ची. सध्याची 2022 ची असून तिच्यात 27 उपचारगटांत 384 औषधं आहेत. प्रत्येक औषधापुढे पी, एस, टी अशी खूण असते: प्राथमिक, द्वितीय आणि तृतीय स्तर. ताप-जुलाबाची साधी औषधं तिन्ही स्तरांवर अपेक्षित आहेत, कॅन्सरची बरीचशी फक्त तृतीय स्तरावर. जुन्नर-इंदापूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न मिळालेलं औषध ससूनमध्ये मिळतं, त्यामागे हीच स्तरांची रचना असते. ही सूची किमतीशीही बांधलेली आहे, ते पायरी 6 मध्ये येईल.

पायरी 3 : नावावरून औषधाचा वर्ग ओळखायला शिका

हे जमलं तर निम्मी भीती जाते. कंटेंटची नावं वाटेल तशी ठेवलेली नसतात, एका घराण्यातल्या औषधांच्या नावांचा शेवट सारखा असतो. एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही ‘प्रिल’वाली बीपीची औषधं, काही जणांना त्यांनी कोरडा खोकला लागतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही ‘सार्टन’वाली, तीही बीपीचीच. अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल यांच्या शेवटी ‘ओलोल’, ही हृदयाचे ठोके मंद करतात. कोलेस्टेरॉलची ‘स्टॅटिन’वाली. अ‍ॅसिडिटीची ‘प्राझोल’वाली. डायबेटिसची सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन म्हणजे ‘ग्लिप्टिन’. अँटिबायोटिक्समध्ये ‘सेफ’ने सुरू होणारी सगळी एका कुळातली, ‘फ्लॉक्सासिन’ने संपणारी दुसऱ्या.

घरी टेल्मिसार्टन आणि रुग्णालयात लोसार्टन दिसलं तर कळतं की वर्ग तोच आहे, कंटेंट वेगळा आहे. मिलीग्रॅमचे आकडे मात्र अशा वेळी एकमेकांशी ताडून पाहू नका. टेल्मिसार्टनचे 40 आणि लोसार्टनचे 50 या आकड्यांवरून कोणती गोळी ‘जास्त कडक’ हे ठरत नाही.

ही युक्ती शंभर टक्के चालत नाही. अ‍ॅरिपिप्राझोलच्या शेवटी ‘प्राझोल’ आहे, पण ते मानसिक आजाराचं औषध आहे. निस्टॅटिन कोलेस्टेरॉलसाठी नसून बुरशीसाठी असतं. म्हणून नावावरून अंदाज बांधा, पण खात्री विचारूनच करा.

मोठ्या रुग्णालयांच्या संगणकात याच वर्गीकरणाचं औपचारिक रूप असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची एटीसी पद्धत औषधांचे 14 मुख्य गट करते आणि पाच पातळ्यांवर कोड देते. मेटफॉर्मिनचा कोड ए10बीए02: ‘ए’ म्हणजे पचनसंस्था व चयापचय, ‘10’ म्हणजे मधुमेह, आणि पुढची अक्षरं-आकडे त्या एका औषधापर्यंत नेतात. अ‍ॅस्पिरिनला एकाहून अधिक कोड आहेत. एक रक्ताची गुठळी रोखण्याच्या गटात, एक वेदनाशामकांत. म्हणजे वर्ग औषधाच्या वापरावरही ठरतो. ‘हृदयाचा त्रास नाही तर ही गोळी का?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं.

पायरी 4 : पाकिटावरची कायद्याची खूण बघा

वरचं वर्गीकरण उपचाराचं झालं. कायद्याचं वेगळं आहे. ते 1945 च्या औषध नियमांमधल्या अनुसूचींवर चालतं.

अनुसूची ‘एच’ची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असतात आणि वेष्टनावर ‘आरएक्स’ हे चिन्ह असतं. ‘एच1’ हा 2014 च्या मार्चपासून लागू झालेला जास्त कडक गट. सेफिक्झिम, मेरोपेनेमसारखी अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची काही औषधं, अल्प्राझोलामसारख्या सवय लावणाऱ्या गोळ्या यात येतात. दुकानदाराला रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि दिलेलं प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. मेडिकलवाला इतकी चौकशी करतो म्हणून चिडू नका, तो नियम पाळतो आहे. अनुसूची ‘एक्स’मध्ये केटामिन, मिथाइलफेनिडेट अशी औषधं आहेत. त्यांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात राहते. मॉर्फिन, फेन्टानिल यांच्यावर 1985 चा अमली पदार्थ कायदा लागू होतो. वॉर्डात ती कुलपात असतात आणि प्रत्येक अ‍ॅम्प्यूलचा हिशेब लिहिला जातो.

स्ट्रिपच्या कडेला उभी लाल रेघ दिसली तर ती गोळी स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पायरी 5 : वेगळी गोळी आली तर नेमका प्रश्न विचारा

रुग्णालयाच्या यादीतही आतले कप्पे असतात. इन्शुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन ही ‘हाय अलर्ट’, म्हणजे चुकल्यास मोठा अपाय करू शकणारी औषधं. अशा औषधांना वेगळं लेबल लावतात आणि देण्याआधी दोघींनी तपासायची पद्धत असते. सारख्या नावांची किंवा सारख्या दिसणाऱ्या पाकिटांची औषधं मुद्दाम लांब-लांब ठेवतात.

अँटिबायोटिक्सचा कप्पा सर्वांत महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये त्यांचे तीन गट केले: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखीव. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात, अ‍ॅझिथ्रोमायसिन व मेरोपेनेम दुसऱ्यात, कोलिस्टिन आणि लिनेझोलिड राखीव. राखीव औषधासाठी अनेक रुग्णालयांत वेगळा फॉर्म आणि वरिष्ठांची सही लागते. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती देशात पेनिसिलीन बनावं म्हणून. त्याच पुण्या-पिंपरीत आज साध्या सर्दीला अ‍ॅझिथ्रोमायसिन मागणारे लोक भेटतात, तेव्हा मनापासून वाईट वाटतं. ‘स्ट्राँग द्या’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, ही विनंती.

आता प्रश्नाकडे. ‘आमची गोळी का बदलली?’ असं विचारलं की समोरची व्यक्ती बचावात जाते. त्याऐवजी स्वतःची यादी पुढे करा आणि विचारा: ‘यातल्या टेल्मिसार्टनच्या जागी काय चालू आहे?’ उत्तर तीनपैकी एक असतं. कंटेंट तोच, ब्रँड वेगळा. मग काळजी नाही. वर्ग तोच, कंटेंट वेगळा. मग ‘डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलंय ना?’ हे विचारा. तिसरं म्हणजे ती गोळी मुद्दाम थांबवली आहे. मग कारण आणि पुन्हा सुरू करायची तारीख विचारून घ्या.

कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. एच किंवा एक्समधलं औषध चिठ्ठीवर असेल तर त्याऐवजी दुसरं प्रिपरेशन, अगदी त्याच कंटेंटचं असलं तरी, फार्मासिस्ट स्वतःच्या मनाने देऊ शकत नाही. बदलाला डॉक्टरांची संमती लागते.

आणि घरच्या गोळ्या उशाखाली ठेवून ‘आपली आपण’ देऊ नका. त्या सिस्टरकडे सोपवा किंवा घरी पाठवा.

पायरी 6 : ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी मिळाली तर

औषध यादीत नसेल किंवा साठा संपला असेल तर अशी चिठ्ठी येते. आधी विचारा: यादीतलं पर्यायी औषध चालेल का? चालत असेल तर रात्रीची धावपळ वाचते. आणायचंच असेल तर मूळ चिठ्ठी न्या, बिल घ्या, बिलावरचा बॅच नंबर पाकिटाशी जुळवा. इन्शुलिन किंवा फ्रिजमधलं इंजेक्शन असेल तर बर्फाच्या पाकिटासह, पण बर्फाला थेट चिकटणार नाही असं आणा. गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं.

औषध कुठून घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. किमतीबाबत सांगायचं तर अत्यावश्यक सूचीतल्या औषधांची कमाल किंमत एनपीपीए हे केंद्राचं प्राधिकरण ठरवतं. बाकीच्या औषधांची एमआरपी वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. ‘फार्मा सही दाम’ या अ‍ॅपवर औषधाचं नाव टाकून किंमत बघता येते. घरची नेहमीची औषधं जनऔषधी केंद्रात कंटेंटच्या नावाने मागता येतात. पायरी 1 ची यादी इथेही उपयोगी पडते.

पायरी 7 : डिस्चार्जच्या दिवशी दोन याद्या शेजारी ठेवा

माझ्या मते सगळ्यांत धोक्याची वेळ हीच. रुग्णालयातून एका ब्रँडचं टेल्मिसार्टन मिळतं, घरी डब्यात दुसऱ्या ब्रँडचं असतं. आजी दोन्ही घेतात, कारण नावं वेगळी आहेत. मग उभं राहिलं की चक्कर, आणि बाथरूममध्ये पडणं. पॅरासिटामॉलचंही तसंच: तापाच्या गोळीत ते आहे, सर्दीच्या गोळीत आहे, दुखण्याच्या कॉम्बिनेशनमध्येही आहे. मोठ्या माणसाने दिवसात 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही. वय झालेल्या, अशक्त किंवा लिव्हरचा त्रास असलेल्या रुग्णाला त्याहून कमी मर्यादा डॉक्टर सांगतील.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की बिलाच्या खिडकीकडे जाण्याआधी बसा. प्रत्येक औषधाचा कंटेंट घरच्या यादीतल्या कंटेंटशी जुळवा आणि समोर लिहा: चालू, बंद, बदललं, नवं. जिथे लिहिता येत नाही तिथे आरएमओंना (वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांना) किंवा फार्मासिस्टना विचारा. अ‍ॅसिडिटीची गोळी किती दिवस घ्यायची हे मुद्दाम विचारा, कारण अ‍ॅडमिट असताना सुरू झालेली ही गोळी पुढे कारण नसताना कित्येक महिने चालू राहते. बंद झालेल्या औषधांच्या स्ट्रिप त्याच दिवशी डब्यातून काढून टाका.

नव्या औषधाने अंगावर पुरळ उठली, सूज आली, असं काही झालं तर आधी डॉक्टर गाठा. श्वास लागत असेल तर थेट इमर्जन्सी गाठा. नंतर त्याची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला किंवा नातेवाइकालाही देता येते. फोन करताना स्ट्रिप हाताशी ठेवा. कंटेंट, बॅच नंबर आणि औषध सुरू केल्याची तारीख तयार असली की नोंद पूर्ण होते.