प्रबंधाचं पान घसरतं कुठे? वर्डमध्ये परिच्छेद आणि पानं तोडताना या चुका टाळा

प्रबंध सादर करायच्या आठवड्यात मार्गदर्शक ४०व्या पानावर दोन वाक्यं वाढवायला सांगतात. दोन वाक्यं म्हणजे फार तर तीन ओळी. पण तेवढ्यानं पुढच्या प्रत्येक प्रकरणाचं शीर्षक तीन ओळी खाली सरकतं, तक्ता मधोमध तुटतो आणि अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकतात. अशी फाइल संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात न्या की नांदेडला, जाणता डीटीपीवाला आधी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ ही बटणं एकदम दाबतो. लपलेल्या खुणा पडद्यावर येतात आणि दुखणं लगेच सापडतं: नवं प्रकरण नव्या पानावर न्यायला १७ वेळा एंटर मारलेला असतो.

रिकामा एंटर म्हणजे वर्डच्या लेखी एक आख्खा परिच्छेद. वर तीन ओळी वाढल्या की हे १७ परिच्छेदही तीन ओळी खाली जातात, शीर्षकाला सोबत घेऊन. पान तोडायचं तर कंट्रोल-एंटर दाबा. प्रकरणांसाठी त्याहून पक्का उपाय आहे. प्रकरणाच्या शीर्षकाला ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्या, स्टाइलवर राइट क्लिक करून ‘मॉडिफाय’मध्ये जा, तिथे ‘फॉरमॅट’, ‘पॅराग्राफ’, ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ आणि ‘पेज ब्रेक बिफोर’वर खूण करा. आता वर काहीही वाढवा किंवा काढा, प्रकरण नव्या पानावरच सुरू होईल. पान कुठे तुटावं हे जागेवर अवलंबून ठेवू नका, परिच्छेदाच्या स्वभावातच घाला. पुढचे बहुतेक उपाय याच एका गोष्टीवर उभे आहेत.

परिच्छेदांमधलं अंतरही एंटरनं पाडू नका. ‘स्पेसिंग’मध्ये ‘आफ्टर’ ६ किंवा ८ पॉइंट ठेवा. जुन्या फाइलमधले रिकामे परिच्छेद काढायला कंट्रोल-एच दाबा, ‘मोअर’ आणि मग ‘स्पेशल’मधून ‘पॅराग्राफ मार्क’ वरच्या चौकटीत दोनदा आणि खालच्या चौकटीत एकदा घाला. ‘रिप्लेस ऑल’ एकदा करून भागत नाही. सलग चार एंटर असतील तर पहिल्या फेरीत दोन उरतात, म्हणून बदलांची संख्या कमी व्हायची थांबेपर्यंत दाबत राहा. तक्त्याला चिकटलेले एखाददोन रिकामे परिच्छेद तरीही निघत नाहीत, ते हातानं काढा. हे सगळं करण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवा.

शिफ्ट-एंटर कुठे चालतो, कुठे नाही

शिफ्ट-एंटरनं ओळ तुटते, परिच्छेद तुटत नाही. मजकूर दोन्ही कडांना जुळवलेला, म्हणजे ‘जस्टिफाय’ असेल, तर शिफ्ट-एंटरवर संपणारी ओळ वर्ड उजव्या कडेपर्यंत ताणतो. मग ‘म्हणून हा प्रश्न उरतो’ हे चार शब्द ओळभर असे पसरतात, जणू मधले शब्द कुणी खोडले आहेत. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात तर प्रत्येक ओळीच्या शेवटी अशी खूण किंवा परिच्छेदाची खूण येऊ शकते. त्याच ‘स्पेशल’ यादीतून ‘मॅन्युअल लाइन ब्रेक’ शोधा आणि त्याच्या जागी एक स्पेस घाला.

पण ही खूण सरसकट काढू नका. प्रबंधात जनाबाईंचे किंवा नामदेवांचे अभंग असतील तर चरण शिफ्ट-एंटरनंच तोडायला हवेत. असा अभंग हा एकच परिच्छेद राहतो. त्याला डावीकडून जुळवा आणि ‘कीप लाइन्स टुगेदर’ द्या, म्हणजे दोन चरण या पानावर आणि दोन त्या पानावर अशी फाटाफूट होत नाही. चरणाच्या शेवटचा ‘॥ ३ ॥’ एकटाच खालच्या ओळीत पडतो, हेही वरचेवर दिसतं. त्याच्या आधीची आणि आतली स्पेस कंट्रोल-शिफ्ट-स्पेसनं द्या. ही न तुटणारी स्पेस आहे, तिच्या दोन्ही बाजू एकाच ओळीत राहतात. ‘ता. कन्नड’, ‘लेणी क्र. १६’, ‘१७ सप्टेंबर १९४८’ इथेही तीच वापरा. ओळीच्या शेवटी ‘क्र.’ आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला ‘१६’ आला की वाचणारा अडखळतो.

पानाच्या तळाशी सुटलेलं शीर्षक

शीर्षक तळाला आणि त्याचा मजकूर पुढच्या पानावर असेल तर त्या परिच्छेदाचं ‘कीप विथ नेक्स्ट’, म्हणजे पुढच्या परिच्छेदासोबत एकाच पानावर राहण्याचं बंधन, बंद आहे असं समजा. वर्डच्या मूळ हेडिंग स्टाइलमध्ये ते चालू असतं. ज्यांनी शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं केलं, त्यांनाच हा त्रास होतो. तक्त्याचं नाव तक्त्याच्या वर असेल तर त्या नावालाही हेच द्या.

उलटी चूकही तितकीच होते. सगळा मजकूर निवडून सगळ्यालाच ‘कीप विथ नेक्स्ट’ दिलं, तर प्रत्येक परिच्छेद पुढच्याला बांधला जातो, मधेच अर्धी पानं कोरी पडतात आणि कारण कळत नाही. खुणा चालू असताना परिच्छेदाच्या डावीकडे छोटा काळा चौकोन दिसतो, तो याच बंधनांचा. साध्या मजकुराला फक्त ‘विडो/ऑर्फन कंट्रोल’ पुरे. त्यानं परिच्छेदाची पहिली ओळ तळाशी किंवा शेवटची ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर एकटी राहत नाही. लिब्रेऑफिसमध्ये ही सगळी बटणं परिच्छेदाच्या ‘टेक्स्ट फ्लो’ या पानावर आहेत.

तक्ते

मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांचा तक्ता एका पानात मावतो. ७६ तालुक्यांचा मावत नाही, आणि खरी परीक्षा तिथे असते. पहिली ओळ निवडून ‘लेआउट’मधलं ‘रिपीट हेडर रोज’ दाबा. दाबूनही पुढच्या पानावर रकान्यांची नावं येत नसतील तर दोन गोष्टी तपासा. ‘टेबल प्रॉपर्टीज’मध्ये ‘टेक्स्ट रॅपिंग’ ‘अराउंड’वर आहे का, ते ‘नन’ करा. आणि तक्त्याच्या मधे कुणी कंट्रोल-एंटर मारलाय का, तो काढा, कारण तिथे तक्त्याचे दोन तुकडे होतात. ‘रो’ या टॅबमध्ये ‘अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’ची खूण काढली की एकाच तालुक्याची नोंद दोन पानांत विभागत नाही. लहान तक्ता अखंड ठेवायचा असेल तर शेवटची ओळ सोडून बाकी सगळ्या ओळींना ‘कीप विथ नेक्स्ट’ द्या.

फाइलच्या शेवटी तक्ता असेल तर त्यामागे एक कोरं पान येतं आणि डिलीट दाबून जात नाही. तक्त्यानंतर एक परिच्छेद वर्डला लागतोच. त्याचा फॉन्ट १ पॉइंट, ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ १ पॉइंट आणि आगेमागे शून्य करा, कोरं पान जाईल.

आडव्या पानासाठी तक्त्याच्या आधी आणि नंतर ‘सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज’ घ्या. तक्त्याआधीचा ब्रेक पुढे कधी पुसलात तर वरचा मजकूर खालच्या सेक्शनची मांडणी घेतो, म्हणजे उभी पानं अचानक आडवी होतात. घाबरू नका, कंट्रोल-झेड करा.

देवनागरीचा वेगळा त्रास

इंग्रजी शब्द मधे आला की ओळींमधलं अंतर कमीजास्त दिसतं, म्हणून अनेक जण ‘एक्झॅक्टली’ निवडतात. १२ पॉइंटच्या मंगल फॉन्टला १४ पॉइंट अंतर दिलं, की ‘सर्वांगीण’मधल्या रफारावर आणि अनुस्वारावर कात्री चालण्याची भीती असते. ‘मल्टिपल’ किंवा ‘अ‍ॅट लीस्ट’ घ्या. मंगलची ओळ उंच असते, कोकिळाची बुटकी. फॉन्ट बदलला की पानांची संख्याच बदलते. कागद ‘लेटर’वर राहिला असेल तर तेही आधी ‘ए४’ करा. लेटर सुमारे १८ मिलिमीटरनं आखूड आहे, म्हणजे प्रत्येक पानावर दोनतीन ओळींचा फरक पडतो.

विज्ञान शाखेतली मंडळी वर्डऐवजी लाटेक वापरतात. त्यात मजकुरासोबत मांडणीच्या आज्ञा लिहायच्या असतात, त्यामुळे तिथे रोगाचं रूप वेगळं असतं. परिच्छेद रिकाम्या ओळीनं होतो. त्याऐवजी दोन बॅकस्लॅश टाकले तर नुसती ओळ तुटते, पुढच्या परिच्छेदाची सुरुवात आत सरकत नाही. त्यांच्यामागे रिकामी ओळही सोडली तर ‘अंडरफुल एचबॉक्स’च्या, म्हणजे ओळ नीट भरली नसल्याच्या, इशाऱ्यांची रांग लागते. पानाच्या तळाशी किंवा माथ्यावर एकटी ओळ सुटू नये म्हणून लाटेक अशा ओळीला दंडाचा आकडा लावतं. तो मुळात १५० असतो, १०००० केला की अशा ओळी पूर्ण थांबतात. मात्र मग काही पानांच्या तळाशी थोडी मोकळी जागा सोसावी लागते.

कागद, समास, फॉन्ट, स्टाइल, तक्ते हे सगळं पक्कं झाल्यावरच एखादं पान हातानं तोडा, आणि तेही पहिल्या पानापासून क्रमानं. मग कंट्रोल-ए आणि एफ९ दाबून अनुक्रमणिका ताजी करा, ‘अपडेट एंटायर टेबल’ निवडा. छपाईला वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. दुकानातल्या संगणकात तुमचा फॉन्ट नसेल तर सगळी पानं नव्यानं घसरतील.