मराठी नावांचा एसव्हीजी नकाशा सर्व ब्राउझरांत नीट दिसावा यासाठी काय करावे

नकाशा, वंशावळ किंवा आलेख संकेतस्थळावर द्यायचा असेल, तर एसव्हीजी हे स्वरूप निवडावे. त्यात चित्र ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकार यांच्या वर्णनाच्या रूपात साठवलेले असते, त्यामुळे ते कितीही मोठे केले तरी रेषा धूसर होत नाहीत. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००१ मध्ये हे खुले मानक शिफारस म्हणून प्रसिद्ध केले. फायरफॉक्सने २००५ मध्ये १.५ या आवृत्तीत, तर इंटरनेट एक्सप्लोररने थेट २०११ मध्ये नवव्या आवृत्तीत ते स्वीकारले. आज प्रचलित असलेला प्रत्येक ब्राउझर एसव्हीजी दाखवतो. तरीही तेवढ्यावर विसंबू नये, कारण मानकाचे भाग अनेक आहेत आणि आपण वापरलेला नेमका भाग प्रत्येक ब्राउझरात चालतो की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. मराठी मजकुराच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. पुढील कृती तालुक्याच्या नकाशाचे उदाहरण धरून दिली आहे.

१. फाइल ब्राउझरला समजेल अशी जतन करावी

इंकस्केप या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नकाशा काढला असेल, तर मूळ फाइल स्वतःजवळ ठेवून संकेतस्थळासाठी ‘प्लेन एसव्हीजी’ या प्रकारात वेगळी प्रत काढावी. चित्रात मेश ग्रेडियंट, म्हणजे जाळीच्या आधारे मिसळणारे रंग, वापरले असतील तर ते काढून टाकावेत. इंकस्केप ते दाखवते, पण ब्राउझरांनी ते स्वीकारलेले नाहीत. त्यांच्या जागी साधा रेषीय किंवा वर्तुळाकार ग्रेडियंट वापरावा. जुन्या इंकस्केपमध्ये चौकट आखून टंकलेला मजकूरही अडचणीचा ठरतो. तो एसव्हीजी १.२ च्या अशा मसुद्यावर आधारलेला होता, जो पुढे मानक झालाच नाही, आणि म्हणून ब्राउझरात त्या जागी काळा चौकोन दिसू शकतो. अशा मजकुराचे साध्या मजकुरात रूपांतर करून घ्यावे.

२. आकार ठरवावा

फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून सर्वांत बाहेरच्या घटकात ‘व्ह्यूबॉक्स’ (viewBox), म्हणजे चित्राच्या चौकटीची मापे सांगणारी नोंद, दिलेला आहे याची खात्री करावी. तो नसेल तर मोबाइलच्या अरुंद पडद्यावर नकाशा लहान होण्याऐवजी कापला जातो.

३. मराठी नावांची काळजी घ्यावी

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. पहिली अडचण फाँटची असते. आपल्या संगणकावरचा फाँट वाचकाच्या फोनवर असेलच असे नाही. तो नसल्यास ब्राउझर दुसरा फाँट घेतो, नावांची रुंदी बदलते आणि शेजारच्या दोन गावांची नावे एकमेकांवर चढतात. दुसरी अडचण अक्षरांच्या जागांची आहे. पीडीएफमधून रूपांतरित केलेल्या एसव्हीजीत अनेकदा प्रत्येक अक्षराची जागा वेगवेगळी नोंदलेली असते, आणि त्यामुळे ‘त्र्यंबकेश्वर’ किंवा ‘श्रीगोंदा’ यांसारख्या नावांतील जोडाक्षरे आणि मात्रा विस्कटतात. अशा फाइलमधली नावे पुन्हा टंकणे हाच खात्रीचा उपाय आहे. अक्षरांमधले अंतरही वाढवू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते.

फाइलमध्ये मजकुराची भाषा मराठी असल्याचे नोंदवावे. फाँटात सोय असेल तर त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची उमटतात.

फाँटची अडचण टाळण्यासाठी पुष्कळ जण सगळा मजकूर रेषाकृतींमध्ये, म्हणजे अक्षरांच्या केवळ चित्ररूप आकारांमध्ये, बदलून टाकतात. त्याने दिसण्याचा प्रश्न सुटतो, पण मग ती नावे शोधता येत नाहीत, त्यांची नक्कल करता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरलाही ती वाचता येत नाहीत. म्हणून गावांची नावे मजकूर म्हणूनच ठेवावीत आणि नदीच्या वळणावर लिहिलेले नाव तेवढे रेषाकृतीत बदलावे. वक्र रेषेवरील मजकुरात ब्राउझर अक्षरे एकेक करून वळवतो, त्यामुळे देवनागरीची शिरोरेषा तशीही खंडित होते. रेषाकृती केल्यावर ती हाताने जोडता येते.

४. पानात बसवण्याची पद्धत निवडावी

नकाशा साध्या चित्राप्रमाणे ‘इमेज’ टॅगने लावला, तर ब्राउझर सुरक्षेसाठी त्यातील स्क्रिप्ट चालवत नाही आणि बाहेरच्या फाइलीही आणत नाही. परिणामी पानासाठी मागवलेला फाँट नकाशाला मिळत नाही. बोधचिन्हासाठी ही पद्धत पुरेशी आहे. नावांनी भरलेल्या नकाशासाठी मात्र एसव्हीजीचा मजकूर थेट पानाच्या एचटीएमएलमध्येच घालावा, म्हणजे पानाचा फाँट नकाशालाही लागू होतो आणि वाचकाला नावे निवडता येतात. नकाशा कशाचा आहे हे सांगणारे शीर्षक त्यात अवश्य लिहावे.

५. सर्व्हर तपासावा

चित्र संगणकावरून उघडते पण संकेतस्थळावर दिसत नाही, अशी तक्रार असेल तर सर्व्हर फाइलचा प्रकार कोणता सांगतो ते पाहावे. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील ‘नेटवर्क’ या विभागात तो दिसतो. प्रकार साधा मजकूर असा येत असेल, तर होस्टिंग पाहणाऱ्या व्यक्तीला एसव्हीजीसाठी योग्य प्रकार नोंदवण्यास सांगावे.

६. योग्य ब्राउझरांत चाचणी घ्यावी

क्रोम, एज आणि ऑपेरा यांचे चित्र उमटवणारे इंजिन ब्लिंक हेच आहे. त्यामुळे त्या तिघांत नकाशा पाहून फारसे नवे काही कळत नाही. चाचणी क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांत घ्यावी, कारण त्यांची इंजिने वेगवेगळी आहेत. युरोपीय संघ आणि इतर काही देशांसाठी केलेले अपवाद वगळता आयफोनवरील क्रोमही सफारीचेच वेबकिट हे इंजिन वापरतो, हे ध्यानात ठेवावे. स्वतःजवळ ॲपलचे उपकरण नसल्यास ओळखीतल्या कोणाच्या तरी आयफोनवर पान उघडून त्याचा स्क्रीनशॉट मागवावा.

पाहताना नकाशा चौपट मोठा करावा, रफारयुक्त आणि ‘ऱ्य’ असलेली नावे नीट उमटली का ते वाचावे, एखादे नाव पानावर शोधून पाहावे आणि एक छापील प्रतही काढावी. डार्क मोडमध्ये पारदर्शक पार्श्वभूमीवरची काळी अक्षरे दिसेनाशी होतात. तसे झाल्यास नकाशामागे पांढरा आयत ठेवावा.

एखादे नाव एकाच ब्राउझरात बिघडत असेल, तर त्या नावापुरती लहान फाइल तयार करावी. तिच्यातही दोष दिसला तर ती फाइल, ब्राउझरची आवृत्ती, अपेक्षित रूप आणि प्रत्यक्ष रूपाचा स्क्रीनशॉट हे सारे त्या ब्राउझरच्या सार्वजनिक दोषनोंदवहीत द्यावे. तिन्ही इंजिनांच्या अशा नोंदवह्या सर्वांना खुल्या आहेत. दोष दुरुस्त होऊन नवी आवृत्ती वाचकांपर्यंत पोहोचेपर्यंत तेवढे एक नाव रेषाकृतीत ठेवावे.